मुठीतला भंडारा

देव सोमवारी बोलणार होता, आणि शुक्रवारीच त्याचं बोलणं गिरणीच्या फाटकासमोरच्या हॉटेलात येऊन पोचलं होतं. मायाक्का पाळी सुटून बाहेर पडत होती. केसांत, भुवयांत कापसाचा भुगा आणि कानांत अजून रीळखात्याची घरघर. त्या घरघरीतून माणसांचं बोलणं नेहमी जरा उशिरानंच आत शिरायचं. म्हणून आधी तिला वाटलं, आपल्यालाच भास झाला. हॉटेलाच्या बाकावर खाकी कोटातला एक माणूस एक पाय वर घेऊन बसला होता आणि आवाज चढवून सांगत होता, "धोंडमाळचा बिरोबा बोलला की राव! औंदाची भाकणूक हाय. पच्छिमेला वणवा पेटलाय, धनगरांनो, काठी उचला. कळपातलं एक बी मेंढरू वाघाला गावायचं न्हाय. हे देव म्हणतोय, सरकार न्हाय!" धोंडमाळ म्हणजे तिचं माहेर. बिरोबा म्हणजे घरचा देव. आणि तो बोलतो ते तिच्या थोरल्या भावाच्या, आण्णाच्या तोंडानं. वर्षातून एकदा, दिवाळी सरल्यावर, जत्रेच्या दिवशी, उपाशीपोटी, वेताची काठी पोटाला टेकवून. पाऊस कसा, पीक कसं, कुठला रोग येणार, कुणाचं राज्य हलणार, सगळं तो तेव्हा सांगतो, आणि त्यालाच भाकणूक म्हणतात. जत्रा अजून व्हायची होती. देवाला एवढी कसली घाई झाली, ते तिला कळेना. ती थबकली, मागच्या बाईचा धक्का लागला, शिवी खाल्ली, आणि मग तिला बाकाच्या टोकाला बसलेला गुंडा दिसला. तिचा गुंडा. बशी ओठांपाशी तशीच धरून तो त्या कोटवाल्याच्या तोंडाकडे बघत होता, आणि बशीतला चहा केव्हाच निवला असणार.

घरी येईपर्यंत तिची बोटं स्वस्थ नव्हती. रीळखात्यात धागा तुटला की अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून गाठ मारायची. वर्षानुवर्षं तेच केल्यावर बोटांना दुसरं काही सुचत नाही. चालता चालता ती हवेतच गाठी मारत होती. कोटवाला होता रामहरी, लष्कराच्या भरतीचा दलाल. गेला महिनाभर गिरणीच्या फाटकाशी त्याची ये-जा होती. जर्मननं पोलंड नावाचा एक लहानसा देश गिळला, आता त्याला सोडवायला सरकार निघालंय, लहानांना मोठ्यांनी खाऊ नये एवढ्यासाठीच ही लढाई आहे, असं तो सांगायचा. ऐकताना मायाक्काला हसू यायचं आणि हसू येतं याची भीतीही वाटायची. मार्शल लॉच्या साली याच सरकारचे शिपाई सोलापूरच्या कोपऱ्याकोपऱ्यावर बंदुका रोखून उभे होते, डोक्यावर पांढरी टोपी दिसली की पोरांना धरत होते. तेव्हा गुंडा एवढासा. तिनं त्याला बाजेखाली दडवून वर गोधडी टाकली होती आणि तो आतून विचारत होता, आये, हे कुणाचे शिपाई? आता तोच गुंडा, मिसरूड फुटलेला, भाकरी मोडत म्हणत होता, "आये, मी भरती व्हनार."

"कुणाला इचारून?"

"लाटसायबानं लढाईत उतरताना कुणाला इचारलं?" तो हसला. ही कोटी युनियनच्या सभेतली. मुंबईचे मंत्री याच कारणावरून खुर्च्या सोडून घरी गेले, तेव्हापासून चाळीत रोज कुणी ना कुणी ती करायचं. फक्त सभेतली माणसं ती रागानं म्हणायची, आणि हा पोरगा मौजेनं. "देव बोललाय म्हणं. मग काय? मानसिंगमामा न्हाय का गेला पहिल्या लढाईला?"

"आन् आला का?"

गुंडा खोकला. कापसाचा भुगा त्याच्याही छातीत जाऊन बसला होता, आणि तिला ठाऊक होतं, त्या खोकल्यातून, त्या घरघरीतून, या एका खोलीतून कुठंतरी दूर, बूट वाजवत जावं असं त्याला वाटत होतं. ते तिला कळत होतं म्हणून तर जास्त राग येत होता. "देव सोमवारी बोलणार हाय," ती म्हणाली, "ह्या रामहरीला आजच कुठनं ऐकू आलं?"

"मामाला आधी सुचलं असंल." त्यानं थोडा वेळ विचार केला. पोरगा अगदीच बावळट नव्हता. "बरं, असं कर. तू जातीसच की मूठ टाकायला. मामा तसं बोलला आन् तू मूठ टाकलीस, तर देवाचं खरं. मग मी जानार, तू आडवायचं न्हाय. न्हाय टाकलीस, तर न्हाय जात." आणि जणू बाजारातला एखादा सौदा मिटवावा तसा तो हात धुवायला उठला. मंगळवारी भरतीची लॉरी चाळीपाशी येणार होती. शेजारच्या सोनाबाईचा पोरगाही नाव देऊन आला होता.

मूठ. बिरोबा बोलून थांबला की घरातल्या लेकीनं भंडाऱ्याची, म्हणजे हळदीची, पहिली मूठ देवावर उधळायची. ती पडली की ढोल वाजतात, सगळा माळ चांगभलं म्हणतो आणि भाकणूक पक्की होते. ती पडेपर्यंत देव बोलला तरी बोलला असं होत नाही. सून नाही चालत, लेकच लागते. आणि लेकीच्या कपाळावर कुंकू असो नसो, देवाला त्याचं काही नाही. नवरा गेल्यावर जगानं मायाक्काला प्रत्येक शुभकार्यात भिंतीकडे सरकवलं होतं. त्या एका माळावर, त्या एका दिवशी, सगळी माणसं तिच्या हाताकडे बघत उभी राहायची. तो दिवस वर्षभर पुरायचा. रीळखात्यात कुणी काही टोचून बोललं तरी ती मनात म्हणायची, माझ्या मुठीवाचून देवाचं अडतं, तुझ्या बोलण्याचं काय घेऊन बसलीस.

तिच्याआधी मूठ होती म्हाळसाबाईआत्याची. आत्याच्या आमटीत हळद नसायची. सगळ्या घराची आमटी पिवळी आणि आत्याच्या वाटीत पांढुरकं, आजारी माणसाच्या अन्नासारखं काहीतरी. लहानपणी मायाक्काला वाटायचं, आत्याला हळद सोसत नसेल. मग वाटलं, नवस असेल. पहिल्या लढाईच्या साली आबा, म्हणजे आण्णाचा आणि तिचा बाप, बिरोबाच्या अंगानं बोलला होता की पोरं जातील आणि फुलांसारखी परत येतील. आत्यानं मूठ टाकली होती, ढोल वाजले होते, आणि तिचा मधला भाऊ मानसिंग त्याच संध्याकाळी घोंगडी खांद्यावर टाकून केम स्टेशनकडे चालायला लागला होता. जाताना त्यानं मायाक्काच्या डोक्यावरचा भंडारा पुसून आपल्या कपाळाला लावला आणि म्हणाला होता, "बसऱ्याला खजूर लई हाय म्हणं. आणतो." बसरा कुठं आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, तिथल्या लोकांनी धनगरांचं काय घोडं मारलं होतं ते त्याला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. खजूर आला नाही, मानसिंग आला नाही. साहेबानं आबाच्या डोक्याला तांबडा पटका मात्र बांधला. आणि आत्या त्या वर्षापासून हळदीवाचून जेवायला लागली, मरेपर्यंत; विचारलं तर म्हणायची, "सवय गेली." शुक्रवारी रात्रभर मायाक्काच्या जिभेवर ती पांढुरकी आमटी होती. एवढी साधी गोष्ट. आपण ती रोज डोळ्यांनी बघत होतो आणि आपल्याला कळायला गिरणीसमोरचा एक दलाल लागला.

रविवारी केमला उतरून धोंडमाळचा माळ तुडवताना तिनं स्वतःला खूप समजावलं. रामहरी चढवून सांगत असेल. असल्या माणसांना देव काय आणि बाजार काय. आण्णा तसा नाही. आण्णाच्या अंगात वारं येतं तेव्हा त्याचा आवाज कसा जाड होतो, घशातून नाही, जमिनीतून आल्यासारखा, तो तिनं ऐकलाय. अंगावर काटा आलाय. पण माळावर मेंढरं दिसली आणि तिचं बोलणं तिच्याच मनात अडखळलं. मेंढरांच्या बरगड्या लोकरीतूनही दिसत होत्या. पाऊस नव्हता झाला, आणि पलीकडच्या सरकारी कुरणाला तारेचं कुंपण. आत गुडघाभर वाळलेलं गवत उभं, बाहेर जनावरं तारेला तोंड लावून. आण्णा देवळामागं बाभळीखाली उपासाचा बसला होता. डोक्याला आबाचा तांबडा पटका. तो पटका पेटीतून बाहेर निघालेला बघून तिला विचारायचं काही उरलंच नाही, तरी तिनं विचारलं.

"आण्णा, काय बोलणार हायस उद्या?"

"ते काय माझ्या हातात हाय?"

"सोलापुरात हॉटेलात ऐकून आले मी. सबंध तोंडपाठ हाय लोकांना."

आण्णानं मान वर केली नाही. काडीनं मातीत रेघा ओढत राहिला. जरा वेळानं म्हणाला, "दरसाली उपासाला बसतो तवा मला ठाऊक नसतं, देव काय बोलणार. लई भ्या वाटतं. औंदा ठाऊक हाय." मग म्हणाला, "औंदा भ्या वाटंना, माये. त्याचंच भ्या वाटायलंय."

"मग बोलू नगंस."

"तसं बोललो तर सरकारवाले कुरण उघडणार हायेत. मेंढरं आत सोडा म्हणालेत. मला एकट्याला न्हाय, सगळ्या माळाला." त्याचा आवाज एकदम चढला, भांडणाऱ्या माणसासारखा. "तू गिरणीत ऱ्हातीस. तुला काय म्हाईत, रोज सकाळी मेलेलं कोकरू उचलायचं म्हंजी काय. जी पोरं जायची ती माझ्या बोलण्याबिगर बी जानारच. पोटाला पायजे न्हवं?"

तिला त्याचं खरं वाटलं. हाच तर त्रास होता. आण्णाचं म्हणणं खोटं नव्हतं, रामहरीचा पोलंडही खोटा नसेल, वाघ खरंच कुठंतरी मेंढरं खात असेल, आणि हे सगळे खऱ्याचे तुकडे जोडून त्यांनी जे वस्त्र विणलं होतं ते मात्र खोटं होतं. असा धागा तिनं हातानं कितीदा चाचपला होता. प्रत्येक हातभर तुकडा चांगला, आणि सबंध रीळ सडकं. ती म्हणाली, "आबा बी असंच बोलला व्हता का? मानसिंगच्या साली?"

आण्णानं हातातली काडी टाकली. मेंढरांच्या घंटा कुंपणापाशी किणकिणत होत्या. मग तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "मरताना मला जवळ घेतलं. म्हणाला, त्या साली अंगात वारं आलंच नव्हतं. देव बोललाच नव्हता. म्हाळसाला कळलं व्हतं, म्हणाला. तिला मूठ टाकतानाच कळलं, पर हात वर गेला व्हता."

हे त्यानं तिला का सांगितलं? ती देवळाच्या कट्ट्यावर अंग टाकून हेच उलटंपालटं करत राहिली. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं, आजच का? मूठ टाकू नकोस असं तो म्हणाला नाही. टाक असंही म्हणाला नाही. जड ओझं वाहणारा माणूस वाटेत भेटलेल्याला नुसतं म्हणतो ना, जरा हात लाव. खाली उतरवायला म्हणतो की डोक्यावर नीट ठेवायला, ते सांगत नाही. तिला त्याचा राग आला, त्याची कीव आली, आणि मग मानसिंगचा राग आला, तो तर बिचारा मेला होता. पहाटे भावजय केराबाईनं तिच्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाली, "मूठभर हळद ती काय, वन्सं. आमची मेंढरं जगतील." म्हणजे घराला सगळं ठाऊक होतं. फक्त देवाला ठाऊक नव्हतं.

ऊन वर आलं तसा माळ माणसांनी भरला. घोंगड्या, पटके, ढोल, झांजा, हवेत उधळलेली लोकर. रामहरी पुढच्या रांगेत, कोटाची बटणं लावून, देवापुढं हात जोडून. त्याच्याबरोबर दोन अनोळखी साहेबी टोप्या. पुजारी निंगप्पानं मायाक्काच्या उजव्या हातात भंडारा भरला. नवी दळलेली हळद, मऊ, थोडी ऊबदार. तिनं मूठ मिटली. ढोल वाढत गेले आणि एकदम थांबले. आण्णा काठी पोटाला टेकवून उभा राहिला, पाय मातीत थरथरत होते. तो बोलायला लागला, आधी पावसापाण्याचं, "मिरगाला वारं... आडदऱ्याला दाणा..." आणि तो आवाज जमिनीतून येत होता. जाड, ओला, ओळखीचा नसलेला. मायाक्काच्या अंगावर काटा आला. आला! खरंच आला होता तो. तिचे डोळे भरले. देवा, तू बोल, तूच बोल, तू जे म्हणशील ते, गुंडाला ने म्हणालास तरी मी मूठ टाकते, पण तू म्हण. आणि मग आण्णा थांबला. श्वास घेतला. पाय थरथरायचे राहिले. "पच्छिमेला वणवा पेटलाय," तो म्हणाला, "धनगरांनो, काठी उचला." तो आवाज स्वच्छ होता. संध्याकाळी मेंढरं हाकारतो तेव्हाचा, घरात केराबाईकडं भाकरी मागतो तेव्हाचा, आण्णाचा. एक बी मेंढरू वाघाला गावायचं न्हाय. हॉटेलातलं होतं तसं, शब्दालाही इकडंतिकडं नाही.

सगळी माणसं तिच्या हाताकडे बघायला लागली.

तिनं मूठ आवळली. हात वर जावा म्हणून खांद्यातून एक सवयीची लहर आली, तशीच ती आत्याच्या खांद्यातूनही आली असेल. ती लहर तिनं कोपरापाशी अडवली. कुणाला काय वाटेल, मेंढरांचं काय होईल, माहेर राहील का, सगळं एका वेळी डोक्यात आलं आणि तरी मूठ मिटलेली. "टाक की गं मायाक्का," निंगप्पा पुटपुटला. ढोलवाल्यांच्या काठ्या वर धरलेल्या होत्या, त्यांचे दंड दुखायला लागले असतील. कुणीतरी लेकराला दटावलं. मग रामहरीच ओरडला, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" त्याच्या टोप्यांनी साथ दिली, कडेच्या काही पोरांनी दिली, आणि तो आवाज माळावर विरून गेला. ढोल वाजले नाहीत. आण्णानं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते तिला पुढं कधीही नक्की सांगता आलं नसतं. तो एकदम खाली बसला एवढं खरं, आणि त्यानं डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला.

"असं काय करतीस, वन्सं!" केराबाई रडत ओरडली. "लेक म्हणून बोलावलं तुला!"

"देव बोलू दे, मग टाकते," मायाक्का म्हणाली. मोठ्यानं म्हणायचं तिच्या मनात नव्हतं, पण माळ इतका गप्प होता की ते शेवटच्या माणसापर्यंत गेलं. "हे आण्णा बोलला. पावसाचं देवाचं, लढाईचं आण्णाचं." मग ती वळली आणि केमच्या वाटेला लागली. मागून कुणी आलं नाही. एक ढेकूळ पाठीला लागलं, ते कुणी मारलं ते तिनं वळून बघितलं नाही. आता दिवाळीनंतर कुणी आपल्याला बोलावणार नाही, हे कळून ती वाटेत एकदा ओढ्याकाठी बसून घडाघडा रडली, डाव्या हातानं तोंड पुसत.

उजवा उघडेना. गाडीत बसल्यावर तिनं उघडून बघायचा प्रयत्न केला, पण बोटं ऐकेनात. धागा जोडण्यापलीकडे काही न शिकलेली ती बोटं आज दिवसभर एकही गाठ न मारता घट्ट होती. घामानं आत हळदीचा लगदा झाला असणार. समोरच्या बाकावरच्या दोन माणसांनी तिच्या पिवळ्या मनगटाकडे बघितलं. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "धोंडमाळची जत्रा. ऐकलंस का, बिरोबानं लढाईचा कौल दिला. ढोलांनी माळ दणाणला म्हणं." ती उठून सांगणार होती. पण सांगायचं कुणाला, डब्याला? त्या माणसाच्या आवाजात लबाडी नव्हती, त्याला कुणीतरी सांगितलं होतं, त्यालाही कुणीतरी. आपण चालत स्टेशनावर येईपर्यंत तिकडचं खोटं गाडीत आधी चढून बसलं होतं, ऐसपैस, खिडकीपाशी.

ती चाळीत शिरली तेव्हा दिवे लागत होते. गुंडा दाराशीच बसला होता, जवळ एक बोचकं बांधून ठेवलेलं. म्हणजे बातमी इथंही आली होती. तो उठला नाही. "टाकलीस न्हवं मूठ," तो म्हणाला. "रामहरीचा माणूस येऊन सांगून गेला. लई ढोल वाजले म्हणं."

"न्हाय टाकली."

"आये, आता बोलणं फिरवू नगंस."

"न्हाय टाकली रं. बघ माझा हात."

गुंडानं बघितलं. बोटांच्या फटींतून, मनगटापर्यंत पिवळाच पिवळा. तो खिन्नपणे हसला. "टाकला तरी हात पिवळाच व्हतो की, आये."

ते ऐकून ती जागच्या जागी उभी राहिली. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग ती उंबऱ्यावर बसली, हात गुडघ्यावर ठेवला आणि डाव्या हातानं उजव्याचं एकेक बोट सोडवायला लागली. आधी करंगळी. दुखलं. मग तिच्या शेजारचं. गुंडा खाली वाकला. शेवटी तळवा उघडला आणि त्यात भंडाऱ्याचा गोळा होता, घट्ट, चिरा गेलेला, चार बोटांचे चार खळगे त्यावर उमटलेले. सबंध मूठभर. त्यातला एक कणही कुठं पडला नव्हता.

गुंडानं बोटानं तो गोळा हलवून बघितला. "मग मामा?" त्यानं विचारलं.

"मामा मेंढरांसाठी बोलला. लढाईचं देव अजून बोललेला न्हाय."

त्यानं गोळा उचलून देव्हाऱ्यात ठेवला. बोचक्याकडे बघितलं, पायानं ते बाजेखाली सरकवलं, तिथं एकदा तो स्वतः लपला होता, आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "उद्या पहिली पाळी हाय. भाकरी लवकर कर." हायसं वाटायला हवं होतं. वाटलं थोडं. पण भिंतीपलीकडं ट्रंकेची कडी वाजत होती, सोनाबाई आपल्या पोराला सांगत होती, "देवाचा कौल हाय बाबा, फुलासारखा परत येशील," आणि त्या शब्दांनी मायाक्काच्या तोंडाला पुन्हा ती पांढुरकी चव आली. तिनं चूल पेटवायला घेतलेली काडी खाली ठेवली. हात धुवावा असं तिच्या मनात आलं, मग नको वाटलं. ती तशीच उठली, देव्हाऱ्यातला गोळा पुन्हा तळव्यावर घेतला, आणि सोनाबाईच्या दाराची कडी वाजवली.